आधी चाळणी बघ, मग यादी कर

नमस्कार ताई,

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी हातात जेमतेम सात महिने आहेत. कॅमेरा ट्रॅप लावून लहान मांसाहारी प्राण्यांवर काम करायचं जवळजवळ ठरलं होतं. मध्येच पुरापरिसंस्थांवरचं, म्हणजे प्राचीन काळच्या परिसंस्थांवरचं एक व्याख्यान ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरत नाही. आमच्या विभागाच्या कपाटात एका गुहेतून कधीकाळी आणलेल्या हाडांची खोकी पडून आहेत. बहुतेक बारीक हाडं, कोणी धड उघडूनही पाहिलेली नाहीत. माझ्या मनात असं आहे की त्या हाडांवरून जुन्या प्राण्यांची यादी करायची, कॅमेऱ्यांवरून आजची यादी करायची, दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि मधल्या काळात काय काय नाहीसं झालं ते दाखवायचं. गाईड म्हणतात, ‘जिवंत की मेलेलं, एक काय ते ठरव.’ घरचे विचारतात, हजारो वर्षांपूर्वीचे उंदीर मोजून कोणाचं भलं होणार? दोन्ही करायला गेले तर ना धड इकडची ना धड तिकडची अशी गत होईल का?

— दोन डगरींवर उभी

प्रिय दोन डगरींवरची,

तुझ्या गाईडचा प्रश्न चुकीचा आहे आणि तुझा आराखडाही चुकीचा आहे. पण कपाटातल्या खोक्यांकडे तुझं लक्ष गेलं, ही गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करू.

आधी आराखडा. गुहेतल्या थरात सापडलेल्या प्रजातींची यादी आणि कॅमेऱ्यात आलेल्या प्रजातींची यादी शेजारी ठेवलीस, तर दोन्हींतला फरक नक्की दिसेल, भरपूर दिसेल. तो फरक काळाचा मात्र नसेल. कॅमेरा ट्रॅपचा सेन्सर उबदार अंगाच्या हालचालीवर चालतो. आपण तो गुडघ्याएवढ्या उंचीवर, पायवाटेच्या कडेला बांधतो, कारण आपल्याला उदमांजर, रानमांजर, कोल्हा हवा असतो. वीस ग्रॅमचा उंदीर त्याच्यासमोरून गेला तर बहुतेक वेळा फोटो निघत नाही, आणि निघाला तरी प्रजाती ओळखता येत नाही. गुहेतल्या बारीक हाडांची गोष्ट नेमकी उलटी. ती बहुधा घुबडांनी आणून टाकलेली असतात. घुबड काही कोल्हा खात नाही. म्हणजे एका यादीत उंदीर-चिचुंद्र्या, दुसरीत कोल्हे-मांजरं, आणि तू लिहिणार की उंदरांच्या दहा प्रजाती लुप्त झाल्या आणि कोल्हे नव्यानं आले! परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत तुला तोंडघशी पाडेल. मी स्वतः प्रबंध तपासायला घेतला की निष्कर्षांच्या आधी पद्धतीचं प्रकरण उघडते. घोडं नेहमी तिथंच पेंड खात असतं.

म्हणून मला जे सांगायचंय ते एवढंच: प्राणी आणि आपल्या हातातली नोंद यांच्यामध्ये एक चाळणी असते. जिवंत प्राण्यांच्या अभ्यासातही असते, मेलेल्यांच्याही. ती चाळणी ओळखणं हेच दोन्ही विषयांतलं खरं काम आहे. एकदा हे ध्यानात आलं की ‘जिवंत की मेलेलं’ हा प्रश्न उरत नाही.

जिवंतांच्या बाजूनं हे काम कसं झालं बघ. वाघ मोजायचे तर दिसलेले वाघ मोजून भागत नाही, न दिसलेले किती असतील याचाही अंदाज हवा. वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्लास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपमधल्या फोटोंतून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला. तोच वाघ पुन्हा किती वेळा येतो, यावरून न दिसलेल्यांसह एकूण घनतेचा अंदाज बांधला आणि १९९५ साली ते प्रसिद्ध केलं. ज्या प्राण्यांना असे ओळखीचे पट्टे-ठिपके नाहीत, त्यांच्यासाठी २००२ पासून ऑक्युपन्सी मॉडेल वापरात आलं: प्राणी असूनही न दिसण्याची शक्यता धरून, तो किती जागी आहे याचा अंदाज. त्याच्या मुळाशी साधा हिशोब आहे. समज, एखाद्या ठिकाणी प्राणी खरोखर आहे आणि एका फेरीत तो सापडण्याची शक्यता ०.३ आहे. पाच फेऱ्या केल्यास तरी तो एकदाही न सापडण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे १७ टक्के. दर सहा जागांमागे एका जागेवर तू ‘नाही’ असं लिहिशील आणि तो तिथं असेल.

मेलेल्यांच्या बाजूनं याच विचाराला टॅफोनॉमी म्हणतात. सोव्हिएत जीवाश्मतज्ज्ञ इव्हान येफ्रेमॉव्ह यांनी १९४० साली हे नाव दिलं. प्राणी मेल्यापासून तो तुझ्या टेबलावर येईपर्यंत त्याचं काय काय झालं, याचा हा अभ्यास. सगळ्यात ठळक उदाहरण लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबरकुंडांचं. तिथल्या सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांत सुमारे ९० टक्के मांसाहारी आहेत. कुठल्याही धड परिसंस्थेत हरणांपेक्षा लांडगे जास्त असत नाहीत. झालं असं की एखादं जनावर डांबरात रुतलं की त्याच्या ओरडण्यावर शिकाऱ्यांची टोळी यायची आणि तीही अडकायची. तिथं लांडगे किती होते हे डांबर सांगत नाही, लांडगे कशाला भुलायचे हे सांगतं.

आता तुझी खोकी. माझा सल्ला असा, की कॅमेरे या वर्षापुरते बाजूला ठेव आणि तुलना एकाच चाळणीतून आलेल्या दोन गोष्टींची कर: गुहेतली घुबडांनी टाकलेली जुनी हाडं आणि आजच्या घुबडांनी टाकलेली हाडं. गव्हाणी घुबड शिकार बहुधा अख्खी गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पोटात गोळा होतात आणि काही तासांनी त्याचं पेलेट होऊन तोंडावाटे बाहेर पडतं. बसायच्या जागेखाली अशी पेलेट्स साचत जातात. गुहांमधले लहान सस्तन प्राण्यांचे थर बऱ्याच ठिकाणी असेच तयार झालेत. चाळणी तीच असेल तर दोन याद्यांतल्या फरकाला काही अर्थ राहतो.

हे काम दिसतं कसं, ते सांगते, म्हणजे तुझं तुलाच ठरवता येईल. वाळलेलं पेलेट कोमट पाण्यात भिजत ठेवायचं. थोड्या वेळानं केसांचा लगदा सुटतो. चिमट्यानं तो हलकेच बाजूला करत गेलं की आधी बरगड्या आणि पायांची हाडं येतात. ती वेगळ्या बशीत, त्यांचा ओळखीला फारसा उपयोग नाही. थांबायचं ते जबड्याशी. कुरतडणाऱ्या प्राण्याच्या जबड्यात पुढे पिवळट-नारिंगी पटाशीचा दात, मग चांगली मोकळी फट, मग दाढा. चिचुंद्रीच्या जबड्यात ती फट नाही, टोकदार दातांची रांग पुढून मागपर्यंत सलग. एवढा फरक पहिल्या दिवशी कळतो. उंदरांमधली प्रजाती ओळखायला मात्र दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे आणि मुळांची संख्या बघावी लागते. घरातल्या उंदराची पहिली दाढ जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशिवाय काम नाही. पहिल्या महिन्यात नाकी नऊ येतील, नंतर हात बसतो.

मोजण्याची एक रीत आत्ताच समजून घे. समज, एका प्रजातीचे खालचे डावे जबडे ७ आणि उजवे ५ मिळाले. तुकडे १२ झाले, पण उंदीर १२ नाहीत. एका उंदराला एकच डावा जबडा, म्हणून किमान ७ उंदीर. याला किमान प्राणिसंख्या म्हणतात. तिच्यातही एक खोच आहे. तोच माल तू एका ढिगात मोजलास तर एक आकडा येतो आणि चार थरांत वाटून मोजलास तर बेरीज बहुधा वाढते. म्हणून प्रबंधात तुकड्यांची संख्या आणि किमान प्राणिसंख्या दोन्ही द्यायच्या, आणि ढीग कसे पाडले ते लिहायचं.

गुहेतली हाडं घुबडांनीच आणली होती हे गृहीत धरून चालणार नाही, ते दाखवावं लागेल. दाताच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण आवरणावर, आणि हाडांच्या टोकांवर पोटातल्या आम्लाच्या खुणा राहतात. गव्हाणी घुबडाच्या पोटात हाडांची झीज कमी होते, दिवसा शिकार करणाऱ्या ससाण्यांच्या-घारींच्या पोटात खूप जास्त. रुंद, समांतर खोबणी दिसल्या तर ते साळिंदराचं काम. साळिंदर हाडं गोळा करून बिळात नेतं आणि कुरतडतं. मोठ्या हाडांवर दातांचे खड्डे आणि चावून उडवलेली टोकं दिसली तर तरसाचा संशय घे. एका गुहेत हे सगळे पाहुणे आळीपाळीनं राहून गेलेले असू शकतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लामार गुहेत संशोधक एलिझाबेथ हॅडली यांनी सुमारे तीन हजार वर्षांचा लहान प्राण्यांचा इतिहास वाचला. तिथं हाडं जमवण्याचं काम मुख्यतः वुडरॅट नावाच्या उंदरांनी केलं होतं; शिकारी पक्ष्यांची पेलेट्स आणि मांसाहारी प्राण्यांची विष्ठा ते गुहेत ओढून आणत. म्हणजे चाळणीवर आणखी एक चाळणी. तरीही अभ्यास उभा राहिला, कारण चाळण्या आधी ओळखल्या होत्या.

हाडांना हात लावायच्या आधी मात्र कागद शोध. खोक्यांवर थराचं नाव, खोली, खणल्याची तारीख आहे का? नोंदवही आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माती कुठल्या जाळीतून चाळली होती? पाच मिलिमीटरची जाळी वापरली असेल तर दीड मिलिमीटरच्या दाढा केव्हाच मातीबरोबर फेकल्या गेल्या असतील, आणि ‘त्या काळी लहान उंदीर नव्हते’ हा तुझा निष्कर्ष खणणाऱ्याच्या जाळीनं काढलेला असेल. इथं मी चाळणी म्हणते ती अगदी खरीखुरी चाळणी! थरांची नोंदच नसेल तर त्या खोक्यांवर काळाबद्दलचा कुठलाही दावा उभा करू नकोस. ओळख शिकायला ती वापर, तेवढीच त्यांची किंमत.

काळाचा आणखी एक घोटाळा आहे, आणि हुशार मुलं नेमकी त्यातच अडकतात. तू आजची पेलेट्स गोळा करशील ती एखाद्या हंगामाची असतील. गुहेतला वीतभर थर मात्र कित्येक शतकांचा असू शकतो. त्या शतकांत एखाद्या दुष्काळात वर आलेली प्रजाती, एखाद्या ओल्या दशकात आलेली दुसरी, सगळ्या एकाच थरात एकमेकींना चिकटून बसतात. साहजिकच जुनी यादी लांब निघते. ‘पूर्वी विविधता किती होती हो’ म्हणून गळा काढायला आपल्याला आवडतं, म्हणून इथं जास्त सावध राहायचं. त्यात नमुन्याचा आकारही वेगळा. उदाहरणादाखल धर, आजचे २०० प्राणी आणि त्यात ११ प्रजाती. गुहेतले २,००० प्राणी आणि त्यात १७ प्रजाती. यावरून सहा प्रजाती गेल्या असं म्हणता येत नाही. त्या २,००० मधून कॉम्प्युटरला पुन्हा पुन्हा २०० उचलायला सांग आणि दर वेळी किती प्रजाती येतात ते बघ. साधारण ११-१२ येत असतील तर फरक प्राण्यांत नसून ढिगाच्या आकारात आहे. याला रेअरफॅक्शन म्हणतात, आणि आर (R) ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा वापरता येत असेल तर हे दुपारभराचं काम आहे. काळाच्या सरमिसळीवर इतका सोपा उपाय नाही. एकापेक्षा जास्त ठिकाणची, वेगवेगळ्या हंगामांतली पेलेट्स एकत्र करून आजचा नमुना जमेल तितका ‘लांबट’ करायचा आणि उरलेली मर्यादा स्पष्ट लिहायची, एवढंच हातात आहे. प्रजातींच्या संख्येपेक्षा प्रमाणाकडे बघ, असंही मी सुचवेन. कुठली प्रजाती वरचढ झाली आणि कुठली मागे पडली, हे लहान नमुन्यातही बऱ्यापैकी टिकतं.

प्रमाणाची गोष्ट किती बोलकी असते याचं उदाहरण उत्तर कॅलिफोर्नियातल्या सॅमवेल गुहेचं. जेसिका ब्लोइस, जेनी मॅक्ग्वायर आणि हॅडली यांनी २०१० मध्ये दाखवलं, की हिमयुग संपताना तिथल्या लहान सस्तन प्राण्यांची विविधता घटली आणि काहीही खाऊन, कुठेही राहून भागवणाऱ्या डिअर माऊस नावाच्या उंदराचं प्रमाण वाढलं. मॅमथसारखी मोठी जनावरं संपल्याची चर्चा सगळे करतात. लहान प्राण्यांची उतरंडही त्याच सुमारास बदलत होती, हे दातांच्या ढिगातून निघालं. बाकी सगळं वाचायला वेळ नाही मिळाला तरी हा निबंध वाच. तुझ्या प्रबंधाच्या सगळ्यात जवळचा तोच आहे.

आता घरच्यांचा प्रश्न, कोणाचं भलं होणार? त्यांच्यावर चिडू नकोस, प्रश्न रास्त आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक अडचण मांडली होती: प्रत्येक पिढीचा संशोधक आपल्या उमेदवारीच्या काळात जे मासे पाहतो तेच ‘मूळचं प्रमाण’ धरतो आणि ऱ्हास तिथून पुढे मोजतो. आधीच्या पिढीत काय गेलं, ते हिशोबातच येत नाही. जंगलाचंही तेच. ‘पूर्वीसारखं करायचं’ असं संवर्धनाचे आराखडे म्हणतात, पण पूर्वी म्हणजे कधी? याचं उत्तर आठवणींतून मिळत नाही. हाडांतून, परागकणांतून, संग्रहालयांतल्या खणांतून मिळतं. प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ ते १९२० या काळात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत लहान प्राणी पकडून, मोजून, बारीक टिपणांसह ठेवून दिले. सुमारे नव्वद वर्षांनी त्याच जागी पुन्हा सापळे लावले गेले आणि २००८ मध्ये निष्कर्ष आला, की पाहिलेल्या २८ प्रजातींपैकी निम्म्यांच्या सीमा सरासरी ५०० मीटर वर सरकल्यात. ग्रिनेलच्या टिपणवह्या नसत्या तर हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. घरी हे उदाहरण सांग. नाहीच पटलं तर नाही पटलं. प्रबंध तुला लिहायचाय.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सर्वांत देखणी कल्पना आहे. जिवंत आणि मेलेल्या नमुन्यांत मेळ बसला नाही तर आपण वैतागतो. सुझन किडवेल यांनी समुद्रतळावरच्या शिंपल्या-गोगलगायींचा असा अभ्यास केला: एकाच जागचे जिवंत प्राणी आणि तिथंच साचलेले रिकामे शिंपले. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की माणसाची ढवळाढवळ जिथं जास्त, पाण्यात खतांचा निचरा किंवा तळ खरवडणारी मासेमारी, तिथं हा मेळ सर्वांत जास्त बिघडलेला असतो. कारण रिकामे शिंपले अजून जुन्या समाजाची यादी धरून बसलेले असतात. न जुळणं हाच पुरावा! जमिनीवर केनियातल्या अँबोसेलीत हेच काम ॲना बेहरेन्समायर आणि डेव्हिड वेस्टर्न यांनी केलं. १९७५ पासून तिथल्या मैदानावर पडलेली हाडं मोजत राहून २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की चाळीसेक वर्षांत जिवंत कळपांची रचना जशी बदलली, तशीच हाडांचीही बदलत गेली. उघड्यावर पडलेलं हाड किती जुनं, याचा अदमास घ्यायला बेहरेन्समायर यांनी १९७८ मध्ये शून्य ते पाच अशा पायऱ्या दिल्या. शून्यावर हाड तेलकट आणि अखंड. मग तंतूंच्या दिशेनं भेगा, मग पापुद्रे सुटणं, आणि पाचाला हाड हातात घेताच भुगा. उद्या मोठ्या प्राण्यांकडे वळावंसं वाटलं तर या पायऱ्या पाठ असू देत.

तुझ्या पत्रात नाही, पण व्याख्यान ऐकून आलेल्या प्रत्येक मुलाला आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि प्राचीन डीएनए करायचं असतं, म्हणून तेही सांगून टाकते. ग्रीनलंडमधल्या २० लाख वर्षांपूर्वीच्या गाळातून २०२२ मध्ये मॅस्टोडॉनचा, म्हणजे हत्तीच्या एका लुप्त नातेवाइकाचा डीएनए मिळाला, तिथं त्याचं एकही हाड सापडलेलं नसताना. वाचून अंगावर काटा येतो, मान्य. पण ते गोठलेल्या जमिनीतलं, मोठ्या प्रयोगशाळेचं, मोठ्या चमूचं काम आहे. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर मोडतो. सात महिन्यांत त्याच्या नादी लागू नकोस. कार्बन आयसोटोप त्या मानानं हाताशी आहेत. दातांच्या एनॅमलवरून प्राणी गवतावर जगत होता की झाडपाल्यावर, हे कळतं. मात्र एक सापळा: दगडी कोळसा आणि तेल जाळून आपण हवेतल्या कार्बनच्या आयसोटोपांचंच प्रमाण बदललंय. आजच्या प्राण्याचा आकडा औद्योगिक काळाआधीच्या प्राण्याच्या आकड्याशी थेट ताडला तर प्रति हजार दीड-दोनचा फरक नुसत्या हवेनंच पडतो. दुरुस्ती न करता कोणी आलेख काढला की मी पुढचं पान उलटत नाही. वयासाठी कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, मोजावा लागेल. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, आणि पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच चालते. पैसे असतील तर दोन-तीन तारखा काढ, त्याही वेगवेगळ्या थरांतून. वरचा थर खालच्यापेक्षा जुना निघाला तर बिळं करणाऱ्या प्राण्यांनी थर कालवलेत असं समज, आणि ते लपवू नकोस.

करिअरचं म्हणशील तर ‘ना धड इकडची’ ही भीती सोड. संवर्धन-पुराजीवशास्त्र, म्हणजे जुन्या जीवांच्या नोंदींवरून आजच्या संवर्धनाला मदत करणं, हे आता रीतसर क्षेत्र आहे. निओटोमा आणि पॅलिओबायोलॉजी डेटाबेस ही जीवाश्मांच्या नोंदींची मोफत भांडारं तुझ्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी उघडी आहेत. जबडा ओळखणारी आणि ऑक्युपन्सी मॉडेल चालवणारी माणसं वेगवेगळी भरपूर आहेत. दोन्ही करणारी फार कमी.

कामाच्या दोन गोष्टी राहिल्या. संरक्षित क्षेत्रातून हाड काय, पीसही परवानगीशिवाय उचलायचं नाही. पेलेट्ससाठीसुद्धा लेखी परवानगी घे आणि घरट्यात पिल्लं असताना तिकडे फिरकू नकोस. पेलेट्समध्ये साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू असू शकतो, म्हणून उघडायच्या आधी फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये नीट तापवून घे. नुसतं फ्रीझरमध्ये ठेवल्यानं किडे मरतात, जिवाणू नाही. वटवाघळं असलेल्या गुहेत चांगल्या मास्कशिवाय जायचं नाही, तिथल्या विष्ठेतली बुरशी फुफ्फुसाला धरते.

गाईडना भेटायला जाताना यादी नेऊ नकोस, एक पान ने. त्यावर एकच प्रश्न असू दे: गुहेतल्या अमुक थरापासून आजपर्यंत घुबडांच्या शिकारीत कुठल्या लहान प्राण्यांचं प्रमाण बदललं? खाली तीन ओळी: हाडं घुबडांचीच हे कसं तपासणार, जाळी कितीची होती, आजची पेलेट्स कुठून आणणार. ओळख तपासून देणारा कोणी संग्रहालयातला जाणकार सहमार्गदर्शक म्हणून मिळाला तर गाईडही बहुधा नाही म्हणणार नाहीत. निम्मा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, कोणाला नको असतं? आणि खोक्यांची नोंदवही सापडलीच नाही, तर महिनाभर तिच्या मागे धावत बसू नकोस. दोन वेगवेगळ्या अधिवासांतली आजची पेलेट्स ताडून बघणं हाही पूर्ण प्रबंध होतो, आणि सात महिन्यांत तो नीट संपतो.

— ताई